सूचना : बारावीनंतर मित्रांसोबत परदेशी जाणारी मुले

सर्व पालकांस,

परीक्षा आटोपल्यावर जाणाऱ्यांनी पासपोर्टचे काम आताच काढा. अल्पवयीनाचा पासपोर्ट 5 वर्षे किंवा 18 पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तेवढाच चालतो. सतरा वर्षांच्या मुलाला तो वर्षभरही पुरत नाही, आणि थायलंड, सिंगापूरसारखे देश किमान 6 महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणून 15 ते 18 वयात अर्ज करताना 10 वर्षांचा पर्याय निवडा. 1,500 रुपये लागतात. अर्जासोबत परिशिष्ट ‘डी’ (अल्पवयीनाच्या पासपोर्टसाठी पालकांनी द्यायचे घोषणापत्र) जोडा, त्यावर आई व वडील दोघांच्याही सह्या हव्यात.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. आधार, दहावीचे प्रमाणपत्र, जन्मदाखला, तिन्हींवरचे इंग्रजी स्पेलिंग जुळवून पाहा. वडिलांचे नाव पासपोर्टमध्ये ज्या रकान्यात आले, तिकिटावरही तसेच टाका. एजंटला नाव फोनवर सांगू नका, पासपोर्टचा फोटो पाठवा.

नेपाळला आधार चालते असे धरून निघू नका. 15 ते 18 वयाला पासपोर्ट किंवा मुख्याध्यापकांचे विहित नमुन्यातील ओळखपत्र लागते.

दोघा पालकांचे इंग्रजी संमतीपत्र नोटरी करून मुलाजवळ द्या. विमान कंपनी किंवा तिथले अधिकारी ते मागू शकतात. बरीच हॉटेले 18 खालच्यांना सोबत मोठे माणूस नसेल तर खोली देत नाहीत. पैसे भरण्याआधी हॉटेलकडून लेखी होकार घ्याच.

पोरींच्या पालकांनीही निःसंकोच विचारावे. कागद एकदा दाखवून घ्यायचे असतील तर रविवारी सकाळी वाचनालयात या.

– पालक गट