मानसशास्त्राच्या पदवीचा हिशेब अर्धाच मांडला जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसशास्त्राच्या पदवीवर पोट भरत नाही, असे सांगणारे आणि ‘आवडीचे शिका, पैसा मागोमाग येईल’ असे सांगणारे, दोन्ही प्रकारचे लोक मला सतत भेटतात. मी स्वतः ही पदवी घेतली आणि गेली १८ वर्षे नोकरभरतीच्या कामात आहे. दोघांचाही हिशेब मला अर्धवट वाटतो, म्हणून हे पत्र.

नुसत्या पदवीने कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत त्या परवान्यासाठी डॉक्टरेट लागते. ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’सारखी बिरुदे २००९पासून कायद्याने राखीव आहेत, ती कोणालाही लावता येत नाहीत. नर्सिंगची पदवी हाती आली की परीक्षा, नोंदणी आणि लगेच काम, असा सरळ मार्ग असतो. इथे पदवी हा लांबच्या वाटेचा पहिला टप्पा आहे. प्रवेश घेताना हे मला कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या वर्षी कळले, आणि तोवर घरच्यांनी जमवलेले पैसे संपत आले होते.

आता आकडे मांडू. ते केवळ उदाहरणादाखल आहेत. शाळा संपताच कामाला लागणारा वर्षाला १०० कमावतो असे धरू. तीन वर्षे शिकणाऱ्या मुलीची ३०० कमाई बुडाली आणि ६० फी गेली, म्हणजे खर्च ३६०. फी सगळ्यांना दिसते, बुडालेली कमाई मात्र कोणी वहीत लिहीत नाही, आणि खर्चाचा मोठा वाटा तोच असतो. पदवीनंतर १४० मिळू लागले तर वर्षाला ४० जादा, आणि भरपाई व्हायला ९ वर्षे. कर्जाचे व्याज धरले तर त्याहून जास्त. याच मुलीने आणखी दोन वर्षे पदव्युत्तर शिक्षण घेतले तर २८० कमाई आणि ६० फी, असा ३४०चा नवा खर्च. त्यानंतर २१० मिळाले तर तो खर्च पाचेक वर्षांत भरून निघतो. म्हणजे पदवीची किंमत पुढच्या पायरीवर ठरते. ती पायरी चढायची की नाही, चढायला पैसे कुठून येणार, हा विचार पहिल्याच दिवशी व्हायला हवा.

‘मानसशास्त्र शिकलेले सरासरी इतके कमावतात’ हे वाक्य ऐकले की मी आधी विचारते, यात पदवीवर थांबलेले आणि डॉक्टरेटपर्यंत गेलेले एकत्र मोजले आहेत का? मोजले असतील तर तो आकडा पदवीवर थांबणाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नाही.

उलट चूकही होते. ‘तीन वर्षे घातलीच आहेत, आता पदव्युत्तर केलेच पाहिजे.’ हा सापळा मानसशास्त्रानेच मोजून दाखवला आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नाटकांची हंगामी तिकिटे काहींना पूर्ण किमतीत, काहींना सवलतीत दिली. हंगामाच्या पहिल्या भागात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटके पाहिली, कारण गेलेला पैसा त्यांना ओढत होता. पुढच्या दोन वर्षांचा निर्णय पुढच्या दोन वर्षांच्या हिशेबानेच घ्यावा.

जे पदवीवरच थांबतात त्यांच्याविषयी मला सर्वात जास्त सांगायचे आहे, कारण माझ्यासमोर मुलाखतीला तेच येतात. ‘मला माणसे समजतात’ असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. प्रश्नावली कशी बनवतात, नमुना कसा निवडतात, दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही हे आकड्यांवर कसे तपासतात, हे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीचे पेपर कसेबसे पास होऊन विसरायचे, अशी रीत आहे. मीही तेच केले आणि नोकरीत लागल्यावर रात्री बसून पुन्हा शिकले. बाजारात पगार मिळवून देणारा भाग नेमका तोच आहे. तो पक्का असलेल्या मुलांना बाजार-संशोधन, मनुष्यबळ विभाग, उत्पादनाच्या वापराची चाचणी अशा ठिकाणी आम्ही आनंदाने घेतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांनी १९५४मध्ये मानसशास्त्राची पदवी घेतली, जोडीला गणित होते. एवढ्या शिदोरीवर, विशीच्या सुरुवातीला, त्यांनी इस्रायली सैन्यासाठी नव्या सैनिकांच्या मुलाखतीची पद्धत बसवली: एकेका स्वभाववैशिष्ट्याला वेगळे गुण द्यायचे, एकूण मत शेवटी. आम्ही आजही अशाच पद्धतीने मुलाखती घेतो. पुढे २००२मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तसे सगळ्यांना जमणार नाही हे मला कळते, पण ते पहिले काम पदवीवरच झाले होते.

महाविद्यालयांकडे माझी एकच मागणी आहे. प्रवेशाच्या वेळी मागच्या पाच वर्षांचा तक्ता हाती द्या: किती जण पदव्युत्तर शिक्षणाला गेले, किती थांबले, थांबलेले कोणत्या कामात आहेत आणि त्यांना सुरुवातीला काय मिळाले. अमेरिकेत २०१९पासून सरकारी संकेतस्थळावर महाविद्यालय आणि विषयानुसार पदवीधरांची कमाई पाहता येते, तेव्हा हे अशक्य नाही. आपण हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक