अनुभव आहे, दाखला कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘खान्देश-सुरत : एकच आर्थिक पट्टा’ हा कालचा अग्रलेख वाचला. आपण भलतेच खूश दिसलात, आनंद आहे. हा पट्टा आम्ही तापी लाइनच्या (सुरत-भुसावळ रेल्वेच्या) जनरल डब्यात दाराला लोंबकळून रोज बघतो. नवापूर स्टेशनचा फलाट थोडा महाराष्ट्रात, थोडा गुजरातेत; माणूस चालत पलीकडे जातो. तिकडचा त्याचा अनुभव तेवढा अलीकडे येत नाही.

माझ्या भाच्याचंच घ्या. धुळ्याला आयटीआय टर्नर (लेथ मशीनवर धातू कातायचं काम) केलं, गावच्याच ठेकेदाराच्या ओळखीने सुरतेच्या पांडेसऱ्यात एका वर्कशॉपला लागला. लूमचे (यंत्रमागाचे) शाफ्ट, रोलर काढायचा. पगार पाकिटात. वडिलांच्या आजारपणात परत आला आणि नरडाण्याच्या एमआयडीसीत मुलाखतीला गेला. तिथल्या लेथकडे लांबून बघूनच म्हणाला, “साहेब, जॉब आउट चालतोय.” म्हणजे फिरणारा तुकडा मध्यावर नाही. मोजायचा डायल लावला, तर खरंच आउट! सुपरवायझर खूश. मग ऑफिसात अनुभवाचा दाखला मागितला. याच्याकडे काय, घामाने पुसट झालेला गेटपास. “ट्रेनी म्हणून घेऊ,” म्हणाले. इतक्या वर्षांचा कारागीर, आणि ट्रेनी!

ठेकेदाराने परराज्यात नेलेल्या कामगाराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात कामाची मुदत आणि मजुरी लिहायची, हे 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात स्पष्ट होतं. त्याबद्दल या ठेकेदाराला विचारलं, तर म्हणतो, “पासबुक बँकमा भेटस, आप्पा.” पीएफचा यूएएन (कामगाराचा कायमचा नंबर) देशभर चालतो म्हणे. चालत असेल, नोकरीच कुठे नोंदलेली नसेल तर नंबर येणार कुठून?

आपल्या अग्रलेखात महामार्ग आला, गुंतवणूक आली, या पोरांच्या दाखल्याबद्दल एक ओळ नाही. पुढाऱ्यांचं तर विचारूच नका. निवडणूक आली की मतदार आणायला सुरतेला गाड्या सुटतात, तेव्हा कोणाचा पोरगा कुठल्या गल्लीत राहतो, कुठल्या खात्यात कामाला आहे, सगळी यादी तयार असते. तीच कामगार खात्याला द्या की!

आणखी एक. तापी लाइनच्या गाड्यांच्या वेळांची चौकट आपण अंकातून का काढली? आमच्या गल्लीतल्या आयाबाया ती कापून भिंतीला चिकटवायच्या. त्या जागी आता राशिभविष्य दुप्पट झालंय. ते निम्मं करा आणि गाड्या परत छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, दोंडाईचा (जि. धुळे)