त्या कागदावर सही करू नका

आई, बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले की तुमच्या दोघांच्या स्कूटरला मागून ठोकलेले ते कारवाले घरी येऊन गेले, पेढे आणलेले, वीस हजार देतो म्हणाले आणि एक टाईप केलेला कागद ठेवून गेलेत. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर मला नीट बोलताच आलं नाही म्हणून हे लिहून पाठवतेय, दोघांनी बसून वाचा, चष्मा लावून, सावकाश.

तो कागद म्हणजे "आमची काही तक्रार नाही, सगळं मिटलं" असं लिहून घेणं आहे बाबा. तुम्ही म्हणालात माणसं चांगली वाटतात, पोरगा तरुण आहे, त्याच्या आयुष्याचं कशाला नुकसान करायचं. तुमचं मन मला माहितीये. पण भरपाई त्या पोराच्या खिशातून जात नाही, गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स त्यासाठीच असतो आणि तो कायद्यानं सक्तीचा आहे. आपला दावा इन्शुरन्स कंपनीकडे आहे, पोलीस केस त्याची वेगळी चालते. आणि आईच्या मनगटात प्लेट टाकली, तुमचं खांद्याचं हाड मोडलं, आत्तापर्यंतचंच बिल एक लाख चाळीस हजार झालंय, फिजिओ तर अजून सुरूपण नाही, मग वीस हजारात काय मिटलं?

आता एक गोष्ट आजच्या आज करायचीय. तुम्ही डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला ना, त्यात सुरुवातीलाच लिहिलंय "टू व्हीलरवरून पडून". कारनं मागून ठोकलं हे कुठंच नाही! त्या गडबडीत कॅज्युअल्टीत कुणीतरी पडलेत म्हणून सांगितलं असेल आणि त्यांनी तेच लिहून घेतलं, मुद्दाम कुणी केलं असं मी म्हणत नाही. पण उद्या कंपनीचा वकील हेच दाखवून म्हणेल की म्हातारा माणूस तोल जाऊन पडला, आमच्या गाडीचा संबंधच नाही. तेव्हा एफआयआरची कॉपी घेऊन डॉक्टरांना भेटा आणि धडक कशी बसली ते लेखी अर्ज देऊन नोंदवून घ्या, अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या. एफआयआरची कॉपी फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, बाबा, ती मागताना संकोच करू नका. पंचनाम्याची कॉपीपण लागेल.

स्कूटर गॅरेजला टाकू नका. मागचा मडगार्ड आत गेलाय, नंबरप्लेट दुमडलीय, धडक मागून बसली हे ती स्कूटरच सांगते. आरटीओच्या इन्स्पेक्टरनं तपासणी केली का ते चौकीत विचारा, तोपर्यंत ताडपत्री टाकून ठेवा. शेजारच्या काकांनी जुळे सोलापूरच्या त्या वळणावर फोटो काढलेत ते त्यांना डिलीट करू नका म्हणावं, मी घेईन त्यांच्याकडून.

आणि हो, फोन. इन्शुरन्सवाले फोन करतील, गोड बोलतील, "काका, आता कसं आहे?" आपल्याकडे कुणीही विचारलं की तोंडातून आपसूक निघतं "बरंय, काही नाही". बाबा, तुम्ही तर कण्हत असताना पण बरंय म्हणता. त्यांना तसं म्हणू नका, कॉल रेकॉर्ड होतो. "माझीच जरा चूक झाली असेल" हे तर चुकूनही म्हणू नका, तुम्ही तुमच्या बाजूनं हळू चालला होता. मुलीशी बोला म्हणा आणि ठेवून द्या.

आई, आता तुझ्यासाठी. तू म्हणालीस माझं काय, मी घरचीच. असं नाही गं. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत धरायची असते हे सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलंय. आणि तू तर कडक भाकरी करून विकतेस. उजव्या हाताचं मनगट गेलं तर भाकरी थापणार कशी? तुझी ती लाल वही, ज्यात कुणाच्या किती भाकऱ्या आणि शेंगा चटणीचे किती डबे लिहितेस, ती जपून ठेव, जुनी पानं फाडू नकोस, कमाईचा तोच पुरावा आहे. आणि कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितेस ना, तिथंच रोज दोन शब्द लिही, आज वेणी घालता आली नाही, आज झोप लागली नाही, आज कुकरचं झाकण उघडलं नाही. डाव्या हातानं वेडंवाकडं आलं तरी चालेल. मला ते वाचून रडू येईल पण लिहीच.

बिलं, औषधांच्या पावत्या, रिक्षाचे पैसे, स्वयंपाकाला ठेवलेल्या मावशींचा पगार, सगळं एका पिशवीत. मेडिक्लेमला ओरिजिनल जातील त्यांची आधी झेरॉक्स.

बाबा म्हणतील शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. पण 2022 च्या एप्रिलपासूनच्या नियमानं अपघातापासून सहा महिन्यात मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज द्यायला लागतो, आधी वर्षानुवर्षं नंतर पण चालायचं, आता तसं गृहीत धरू नका. दावा आपण राहतो तिथं करता येतो, म्हणजे सोलापुरातच. हॉस्पिटलच्या दारात कार्ड देणाऱ्या वकिलाला होय म्हणू नका. कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, आईच्या नावानं आपण तिथंच जाऊ.

मी शुक्रवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येतेय, रात्री स्टेशनवर येऊ नका, रिक्षानं येईन. ते लोक पुन्हा आले तर पाणी द्या, चहा द्या, आणि मुलगी आल्यावर बोलू एवढंच म्हणा. तो कागद फ्रिजवर आहे ना, मी येईपर्यंत तिथंच राहू दे.

तुमची,
सोनू