बापूच्या क्लेमबद्दल, बाळूस

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. बापूच्या तेराव्याला घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे त्याच्या अपघाताच्या नुकसानभरपाईच्या क्लेमबद्दल आपलं धड बोलणं झालंच नाही. जेवढं झालं तेही आईंच्या एका वाक्यापाशी अडलं: "मेलेल्या पोराच्या टाळूवरचं लोणी खायचं का?" त्यांच्यापुढे मी काही बोललो नाही, आणि त्या दिवशी बोलायचंही नव्हतं. पण तू आता बोलायला हवंस, म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर सांगितलं असतं तर निम्मं तू विसरला असतास आणि उरलेलं निम्मं कुणीतरी तुला उलटं समजावलं असतं.

मी आयुष्यभर विमा कंपन्यांच्या बाजूने उभा राहिलोय, हे तुला माहीतच आहे. बापूची मोटरसायकल ज्याला धडकली त्या टेम्पोचा विमा माझ्या कुठल्याही पक्षकार कंपनीकडे नाही, एवढी खात्री करून घेतली आणि मगच लिहायला बसलो. क्लेम मी चालवणार नाही. बापूचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट हातात धरून साक्षीदाराला प्रश्न विचारणं मला जमणार नाही. पण समोरचा वकील काय काय बोलेल ते मला पाठ आहे, आणि ते आत्ताच कळलं तर तुमच्या उपयोगाचं आहे.

आधी आईंचं. त्यांना सांग, हा पैसा टेम्पोवाल्याच्या घरातून येत नाही आणि बापूच्या जिवाची किंमत कुणी लावत नाही. कोर्ट एवढंच बघतं की बापू महिन्याला घरात जे आणत होता ते आता येणार नाही, तर त्या चौघांचं कसं भागायचं. आपल्याकडे हा हक्क फार जुना आहे. माणूस मेला की त्याची फिर्यादही मेली, असा पूर्वीचा न्याय होता. तो मोडून 1855 साली घातक अपघातांचा कायदा आला आणि बायको, मुलं, आईबाप यांना नुकसान मागता येऊ लागलं. आज रस्त्यावरच्या अपघातासाठी 1988चा मोटार वाहन कायदा आहे, आणि त्यात प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. लाखो गाडीमालक दरवर्षी हप्ता भरतात तो अशाच घरांसाठी गोळा होतो. तुम्ही मागितला नाहीत तर तो कुणा पुण्यवंताच्या खात्यात जात नाही, कंपनीकडे राहतो. मी त्यांच्याच पंगतीला बसलेला माणूस आहे, माझ्यावर विश्वास ठेव.

आता खरी अडचण, जी तेराव्याला कुणाच्या लक्षात आली नव्हती. एफआयआर तू पाठवलास तो वाचला. फिर्यादी कोण आहे ते बघितलंस का? टेम्पोचा ड्रायव्हर! "टेम्पो बाजूला उभा करून टायर बघत होतो, मोटरसायकलस्वार भरधाव येऊन मागून धडकला." असे मजकूर मी ढिगाने वाचले आहेत आणि त्यांच्याच जोरावर कोर्टात बोललोय की मयत स्वतःच निष्काळजी होता, कंपनी काही देणं लागत नाही. जिवंत माणूस पोलीस ठाण्यात आधी पोचतो आणि मेलेल्यावर गुन्हा दाखल होतो. मग "आरोपी मयत" म्हणून अबेटेड समरी (आरोपीच उरला नाही म्हणून प्रकरण बंद करायचा अहवाल) पाठवली की पोलिसांचंही काम संपतं.

पण रात्रीची वेळ, रस्त्याला दिवे नाहीत, आणि टेम्पो टेल लॅम्प बंद ठेवून डांबरावरच उभा होता असं तो चहावाला तुला म्हणाला ना? मग निष्काळजी कोण? दुसऱ्याला धोका होईल अशी गाडी उभी करून ठेवणं हाच मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 खाली दोष आहे. म्हणून पहिलं काम हे कर. घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल काढ आणि टेम्पो साइडपट्टीवर होता की डांबरावर, पार्किंग लाइट चालू होते का, मागे रिफ्लेक्टर किंवा निदान झाडाची फांदी होती का, याचा त्यात उल्लेख आहे का ते ओळ न ओळ वाच. आरटीओच्या निरीक्षकाने दोन्ही गाड्यांची तपासणी केली असेल, तो अहवालही घे. चहावाल्याचा जबाब नोंदवायला तपासी अंमलदाराला लेखी अर्ज दे, पोच घे, आणि त्यांनी टाळाटाळ केली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे. पुढच्या पेट्रोल पंपाचं कॅमेऱ्याचं चित्रण शिल्लक असेल तर आजच माग, ते काही दिवसांत पुसलं जातं. आणि बापूचं हेल्मेट फेकू नका. आईंना ते डोळ्यासमोर नको आहे हे कळतं मला, पण कंपनीचा वकील पहिला प्रश्न हेल्मेटचाच विचारणार.

एफआयआर म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, क्लेममध्ये कुठली बाजू जास्त संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी पुरतं. उद्या ड्रायव्हरवर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106चा (म्हणजे आपलं जुनं 304-अ) गुन्हा लागला आणि तो त्यातून सुटला, तरी क्लेम बुडत नाही. न्यायाधिकरणाने (म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टाने) थोडा दोष बापूवर टाकला तर तेवढा टक्का कापला जातो, बाकीचे मिळतात. अगदीच काही सिद्ध झालं नाही तर मोटार वाहन कायद्याचं कलम 164 आहे. त्यात चूक कुणाची हे सांगायचीही गरज नाही, मृत्यूला सरसकट 5 लाख. पण त्याची घाई करू नका, कारण ते स्वीकारले की मोठ्या क्लेमचा रस्ता बंद होतो. कंपनीचा माणूस गोड बोलत तेवढ्याच आकड्यावर सही मागेल. चहा पाजा, सही देऊ नका.

मोठा क्लेम म्हणजे किती, हे तू विचारलंस पण चारचौघांत विचारायची तुला लाज वाटत होती. लाज कसली त्यात? 2009चा सरला वर्मा आणि 2017चा प्रणय सेठी, या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी सगळं गणित बांधून दिलंय. बापू 38 वर्षांचा, वायरमनची स्वतःची कामं, महिन्याला सरासरी 20,000 धरू. वर्षाचे 2,40,000. पुढे कमाई वाढली असती म्हणून, नोकरी कायमची नसलेल्याला चाळिशीच्या आत 40 टक्के मिळवतात: 3,36,000. तो स्वतःवर खर्च करत असेल ते वजा. मागे बायको, दोन मुलं, आई असे चार अवलंबून, म्हणून चौथा हिस्सा जातो: 2,52,000. त्याच्या वयाला गुणक 15, म्हणजे 37,80,000. साहचर्य (म्हणजे त्याची सोबत, माया) गेल्याचे प्रत्येकी 40,000 ठरले होते, दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढतात, आता ते 48,400 झालेत. बायकोप्रमाणे मुलांना आणि आईलाही ते स्वतंत्र मिळतात. शिवाय अंत्यविधीचे आणि इस्टेटीच्या नुकसानीचे 18,150 प्रत्येकी. एकूण 40,09,900 आणि त्यावर व्याज.

हा आकडा आईंना एकदम सांगू नकोस.

कारण तो मिळेलच असं नाही, आणि तो घसरतो कुठे हे मला पक्कं माहीत आहे. एक म्हणजे वय. बापूच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी आणि साल तीन वर्षं आधीचं आहे, ते मी तेव्हाच पाहिलं. त्या हिशेबाने तो 41 होतो. मग 40 टक्क्यांचे 25 होतात, गुणक 15चा 14, आणि 37,80,000च्या जागी 31,50,000 उरतात. नोंदणी केंद्रावरच्या एका पोराच्या टायपिंगने सहा लाख तीस हजार गेले! आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये अशाच एका अपघाताच्या क्लेममध्ये म्हटलंय. तेव्हा शाळेत जाऊन दाखल्याची नक्कल आधी आण.

दुसरं उत्पन्न. कागद नसेल तर आम्ही म्हणणार, मयत काहीच कमवत नव्हता. न्यायाधीश बिचारा अंदाजाने आकडा धरतो. तो 12,000 धरला तर 37,80,000चे 22,68,000 झालेच म्हणून समज. बापूने इन्कम टॅक्सचे रिटर्न कधी भरले नाहीत. आता मागच्या तारखांचे भरायला कुणी सुचवेल, तर त्याला दारातूनच परत पाठव. मरणानंतर भरलेला रिटर्न माझ्यासारख्याच्या हाती आयता लागतो आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. खरं तेच गोळा करा: बँकेचं स्टेटमेंट, फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी, इलेक्ट्रिकच्या दुकानातली त्याच्या नावची बिलं, मोटरसायकलच्या कर्जाचे हप्ते, वायरमनचं लायसन्स. आणि ती निळी वही, ज्यात तो कुणाकडे किती पॉइंट काढले, किती बाकी, ते पेन्सिलीने लिहायचा. ज्यांची घरं त्या वहीत आहेत त्यांतले दोघे-तिघे साक्षीला आले तर सोन्याहून पिवळं.

त्याच्या एलआयसीचे पैसे आले तर क्लेम कमी होईल का, असं तुझा मेहुणा म्हणत होता. नाही होत. ते त्याने हप्ते भरून कमावलेले आहेत, ते वजा करता येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगितलंय, तेही आपल्या एसटी महामंडळाच्या प्रकरणात. टेम्पोवाल्याचं लायसन्स बाद निघालं तरी घाबरू नका. अशा वेळी आधी कंपनीने द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं, असा आदेश बहुतेक वेळा होतो.

आता नाजूक विषय. अर्जात बापूची बायको, दोन्ही मुलं आणि आई, अशी चारही नावं पहिल्या दिवसापासून एकत्र असू देत. तुझं नाव नको, तू कमावता आहेस. मी घरं फुटताना पाहिलीत ती अपघाताने नव्हे, अपघातानंतर सासू आणि सून वेगवेगळे वकील घेऊन आल्या तेव्हा. कुणाला किती ते न्यायाधिकरण ठरवतं, आणि मुलांचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं. "ती उद्या दुसरं लग्न करील आणि पैसे घेऊन जाईल," असं मागच्या खोलीत कुणीतरी कुजबुजत होतं, ते माझ्या कानावर आलं. केलं तर केलं, तरुण आहे ती. पुनर्विवाहाने विधवेचा हा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलंय. ते कुजबुजणाऱ्याला तूच गप्प कर, तुझा मान आहे घरात.

वकिलाचं म्हणशील तर हॉस्पिटलच्या दारात ज्याने कार्ड दिलं तो नको. निकालातला टक्का मागणं वकिलाला नियमानेच मना आहे, आणि जो कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या चेकवर सह्या मागतो त्याच्याकडे पुन्हा पाऊलही टाकू नका. फीचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. खाजगीच हवा असेल तर एक नाव तुला फोनवर सांगतो. त्या बाईंनी मला बऱ्याचदा घाम फोडलाय, म्हणून सुचवतोय.

मुदत मात्र डोक्यात पक्की ठेव. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायची अट पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर राहू नकोस. शिवाय व्याज मिळतं ते अर्जाच्या तारखेपासून, अपघाताच्या नव्हे. म्हणजे वर्षश्राद्ध होऊ दे मग बघू, हे चालणार नाही. अपघात तिकडे झाला म्हणून तारखांना तिकडे जायचीही गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पोलिसांनीही 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्याची प्रत मागून घे, नाहीतर तो कुणाच्या तरी टेबलावर पडून राहील.

आईंना माझा नमस्कार सांग. पुढच्या रविवारी मी येतोय, तोपर्यंत दाखला आणि पंचनामा एवढं तरी हाती असू दे.

तुझाच,
विजू

ता. क. बापूच्या स्वतःच्या मोटरसायकलची पॉलिसी शोध. गाडी त्याच्याच नावावर होती आणि लायसन्स चालू होतं, तेव्हा हप्त्यात ओनर-ड्रायव्हरचं पीए कव्हर (गाडी चालवणाऱ्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा) घेतलेलं असेल तर त्याचे 15 लाख वेगळे मिळतात. त्यात चूक कुणाची याचा प्रश्नच येत नाही. तो क्लेम बापूच्या गाडीच्या कंपनीकडे करायचा असतो, आणि बहुतेक घरांत ती पॉलिसी उघडूनसुद्धा बघत नाहीत. सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत असेल. गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारातच असेल तर अंमलदाराला सांगून काढून घे, किंवा नुसता नंबर कळव, मी ऑनलाइन बघतो.