तुझ्या लॅबच्या निमित्ताने

पुणे, रविवार रात्र

शिल्पे,

फोनवर तू विचारलंस की कुत्र्याला महिन्याला साधारण किती खर्च येतो आणि मी नुसती हसले, त्याचा तुला राग आला असणार, पण तेव्हा कुकरची शिट्टी होत होती आणि उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं गं. म्हणून लिहायला बसले, नीट वाच आणि नितीनलाही वाचायला दे, कारण लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉरचं पिल्लू, त्यानेच आणलाय.

महिन्याचा खर्च हा प्रश्नच नाही बघ. खाणं, शाम्पू, जंताची गोळी हे सगळं बसतं कुठेतरी. खड्डा पडतो तो एका रात्रीत, अकरा वाजता, आपण घाबरलेले असतो आणि समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणतो तेव्हा. माझा पडला होता ना मागच्या वर्षी, आमच्या कुत्रीच्या, बुंदीच्या वेळी. तुला मी तेव्हा फक्त "ऑपरेशन झालं, बरी आहे" एवढंच सांगितलं होतं, आकडा सांगायची लाज वाटली होती.

झालं असं की बुंदी गावठी, रस्त्यावरून आणलेली, ती एक वर्षाची असताना आमचे डॉक्टर म्हणाले होते नसबंदी करून घ्या, दहा-बारा हजार होतील. आम्ही म्हटलं बघू. सासूबाई म्हणाल्या एकदा तरी पिल्लं होऊ देत बाई तिला, मग बघा. मग माझं प्रमोशन, मग घराचं पेंटिंग, बारा हजार नेहमी दुसरीकडेच जायचे. असं करत ती सहा वर्षांची झाली. माजावर येऊन गेल्यावर महिनाभराने एकदम पाणी प्यायला लागली, वाटीच्या वाटी, मी म्हटलं उन्हाळा आहे. दोन दिवस जेवली नाही, मी म्हटलं नखरे. तिसऱ्या रात्री उठून उभीच राहीना आणि शेपटीखाली चिकट पिवळट काहीतरी लागलेलं. पायोमेट्रा. म्हंजे गर्भाशयात पू होतो, नसबंदी न केलेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांत होऊ शकतो आणि वय वाढेल तसा धोका वाढतो. काही वेळा गर्भाशयाचं तोंड बंद असतं, बाहेर काहीच दिसत नाही, ते तर आणखी वाईट.

काउंटरवरच्या मुलीने एका कोऱ्या कागदावर आकडे लिहिले, सोनोग्राफी, रक्त, भूल, ऑपरेशन, तीन दिवस ॲडमिट, रात्रीचा इमर्जन्सी चार्ज वेगळा, आणि खाली रेघ मारून ४६,०००. त्या कागदावर बुंदीचे केस चिकटले होते, मी ते एकेक उचलत बसले होते वेड्यासारखी आणि सुहास बाहेर उभा राहून त्याच्या भावाला फोन करत होता. बारा हजार वाचवायला गेले आणि हे. वाचली ती, ते जाऊ दे.

नंतर मी डॉक्टरांना शांतपणे विचारलं की एवढं महाग का हो, आणि त्यांनी न वैतागता समजावून सांगितलं. एक्स-रेचं मशीन, रक्त तपासायचं मशीन, भुलीचा गॅस, यातलं काहीच कुत्र्याचं म्हणून स्वस्त मिळत नाही. माणसांचं बिल मेडिक्लेम भरतो म्हणून आपल्याला खरी किंमत कळत नाही, इथे सगळं खिशातून जातं म्हणून कळते. आणि औषध किलोवर असतं. बुंदी १६ किलोची, तुमचा राजा मोठा होऊन ३० च्या पुढे जाईल, म्हणजे तीच सलाईन, तीच भूल, तेच इंजेक्शन जवळजवळ दुप्पट. म्हणून लॅबला तूप लावलेली पोळी देणाऱ्या तुझ्या आईंना आत्ताच सांग. जाड लॅब म्हणजे पुढे कंबर आणि गुडघे, आणि वर प्रत्येक गोळीचं वजन.

आता तुझ्या कामाचं. पिल्लू अडीच महिन्यांचं म्हणालीस, म्हणजे लसींचा मधला टप्पा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांनी पुढची, असं साधारण चार महिन्यांपर्यंत चालतं, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. ब्रीडरने "एक डोस झालाय" असं तोंडी सांगितलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नकोस, पुस्तकात बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं आहे का बघ. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला ग्राउंडवर, दुसऱ्या कुत्र्यांच्या शी-शूच्या जागी सोडायचं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी सोडलं, पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार झाला, पाच दिवस सलाईन, अठरा हजार. लसीचे सगळे डोस मिळून त्याच्या चौथाई पैसेही लागले नसते.

आणि हे मी शिकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य, पाठ कर. डॉक्टरांनी पाच टेस्ट लिहिल्या की विचारायचं, "यातलं आज आत्ता केलंच पाहिजे असं काय, आणि दोन दिवस थांबलं तर चालेल असं काय?" भांडणाच्या सुरात नाही, सरळ. चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट त्यालाही कळतं की हिचं बजेट आहे, मग तो त्या हिशोबाने विचार करतो. मी आधी लाजायचे, वाटायचं की पैशाचं विचारलं म्हणजे आपलं प्रेम कमी आहे असं वाटेल त्यांना. काही नाही गं तसं. अंदाजे खर्च लिहून मागायचा, रिपोर्ट्सची फाईल ठेवायची म्हणजे दुसरीकडे गेलं तर त्याच टेस्ट परत होत नाहीत, आणि चिठ्ठी मागायची. डॉक्सीसायक्लिनसारखं औषध माणसांच्या मेडिकलमध्येही मिळतं. गोचीड तापात बुंदीला २८ दिवस तेच चाललं होतं, क्लिनिकमधल्या पट्टीच्या निम्म्याहून कमी पैशांत. फक्त डोस डॉक्टरांनी लिहिलेलाच, आपल्या मनाने एक कणही नाही.

गोचीड! तुमच्याकडे अंगणात गाईगुरं येतात म्हणजे तुला हा ताप ठेवलेलाच आहे. वजनाप्रमाणे मिळणारी गोळी किंवा मानेवर सोडायचे थेंब, महाग वाटतात, एका गोळीचे हजार-बाराशे जातात पण काही गोळ्या तीन तीन महिने चालतात. गोचीड तापात प्लेटलेट उतरल्या की मग रक्त तपासण्या दर चार दिवसांनी, त्यापुढे हजार काहीच नाहीत. मात्र कुणी रॉकेल लावा म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठव. आमच्या सोसायटीत एकांनी लावलं, कातडी सोलली बिचाऱ्याची.

थर्मामीटर घेऊन ठेव, वेगळा, त्याच्या नावाचा. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्याला ताप वाटतो तो त्यांना नसतोच, यात माझ्या किमान दोन व्हिजिट फुकट गेल्यात. खोकला किंवा लंगडणं दिसलं की आधी मोबाईलवर व्हिडिओ काढ, दवाखान्यात शिरलं की हे ठणठणीत होऊन शेपूट हलवतात.

जिथे वाचवायचं नाही तेही सांगते. रेबीजची लस दरवर्षी, त्यात घासाघीस नाही. आणि घरातल्या डब्यातली कॉम्बिफ्लाम, क्रोसिन देऊन बघू असं कधीही नको, कुत्र्याच्या पोटाला किडनीला लागतं आणि मांजराला तर पॅरासिटामॉल जीवघेणं. मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण हेही नाही. दिवाळीत तुझ्याकडे मनुकांचा डबा कुठे असतो मला माहितीये, तो वर ठेव.

सरकारी दवाखान्यांना आपण उगीच नाकं मुरडतो. जिल्ह्याच्या गावी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, पुण्यात औंधला आहे, मी दोनदा गेले. गर्दी, गाई-म्हशी, शेळ्या, बसायला बाक मोडका, पण केसपेपरचे पैसे नावापुरते आणि तपासलं मन लावून. आणि तुझ्यासाठी तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, हायवेवरच. कॉलेज म्हणजे विद्यार्थी दहा प्रश्न विचारणार, वेळ जाणार, डबा घेऊन जा. पण मोठं काही निघालं तर खासगीचा आकडा ऐकून रडण्याआधी तिथे दाखवून ये. मुंबईकरांकडे परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, तिथेच १८८६ मध्ये व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं, माझे मामेसासरे अजून त्याला बैलघोडाच म्हणतात.

विमा मी बघितला. कंपन्या देतात, पण आधीपासूनचा आजार, लसी, वयाची अट, बऱ्याच गोष्टी बाहेर असतात, पिल्लू लहान आहे तोवर तू वाचून बघ, बुंदीसाठी मला पटला नाही. मी बँकेत तिच्या नावाने, म्हणजे माझ्याच नावाने, महिना हजाराची आरडी काढलीये. सुहास तिला बुंदीची भिशी म्हणतो. आणि आमच्या सोसायटीत पाच कुत्री आहेत तर डॉक्टरांना लसीला एकाच दिवशी घरी बोलावतो, व्हिजिटचे पैसे पाचात वाटले जातात. तुमच्या गल्लीत विचारून बघ, त्या निवृत्त मास्तरांकडे स्पिट्झ आहे ना?

एक राहिलंच, राजा नर आहे म्हणून नसबंदीचा विषय नाही असं नितीन म्हणेल. त्याला म्हणावं डॉक्टरांशी बोल, योग्य वय तेच सांगतील, लॅबसारख्या मोठ्या जातीत फार लवकर करत नाहीत. पण "बघू" म्हणू नका. त्या शब्दाचे मी ४६ हजार भरलेत.

पुढच्या महिन्यात त्याच्या लसीसाठी शिरवळला जायचं ठरलं तर कळव, मी इकडून येते, तू तिकडून ये, जवळपास अर्ध्या वाटेवरच पडतं. भेटून चार वर्षं झाली, आणि कारण काय तर कुत्रं. येताना कंदी पेढे आण, राजाला देऊ नकोस.

आत्ता बुंदी माझ्या पायावर झोपलीये, पाय बधिर झालाय, म्हणून थांबते.

तुझीच,
मंजू

ता.क. लसीच्या पुस्तकाचा फोटो आजच्या आज पाठव, स्टिकर दिसेल असा.