राजकीय हत्यांचे कागद : आधी सूची करा

मा. संपादक,
स. न.

राजकीय हत्येचा विषय निघाला की ‘सरकारने कागद दाबून ठेवलेत’ असे हमखास म्हटले जाते. गांधीहत्येपुरते ते अर्धेच खरे आहे. त्या कटाची चौकशी करणाऱ्या न्या. जीवनलाल कपूर आयोगाने १६२ बैठका घेतल्या, १०१ साक्षीदार तपासले आणि ३० सप्टेंबर १९६९ रोजी अहवाल दिला. तो दोन भागांत छापलेला आहे, कोणालाही वाचता येतो. वाचणारे फार थोडे, ही खरी अडचण.

त्यात काय सापडते ते पाहावे. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींचा मुक्काम असलेल्या बिर्ला भवनात स्फोट झाला आणि कटातला मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. त्याच्या जबाबात पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या चालकाचा उल्लेख आला. मुंबई सरकारच्या वार्षिक वृत्तपत्र-यादीत त्या दैनिकापुढे संपादक म्हणून नथुराम गोडसे आणि मालक म्हणून नारायण आपटे ही नावे होती. ती यादी वेळेत कोणी उघडली नाही. पुण्याचे सीआयडी उपमहानिरीक्षक राणा जबाबाची प्रत घेऊन २५ तारखेला दिल्लीहून निघाले, ते रेल्वेने आणि अलाहाबादमार्गे. मुंबईत पोहोचायला २७ तारीख उजाडली. पुढे तीन दिवसांनी गांधीजींचा खून झाला.

वृत्तपत्रांची यादी आणि एका अधिकाऱ्याचा रेल्वेप्रवास, दोन्ही अगदी रोजच्या कारकुनीतल्या नोंदी. या विषयावरचे संशोधन अशाच कागदांवर उभे राहते. ‘अतिगोपनीय’ शिक्क्याच्या मागे धावणारा अभ्यासक आवक-जावक नोंदवही पाहायची विसरतो आणि तिथेच फसतो.

दुसरी चूक अर्धे वाक्य उचलण्याची. लाल किल्ल्यातील खटल्यात न्या. आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी सावरकरांना निर्दोष सोडले, कारण माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्याला स्वतंत्र पुष्टी मिळाली नव्हती. कपूर आयोगाने मात्र पुढे सर्व गोष्टी एकत्र धरून सावरकर व त्यांच्या गटाच्या कटाखेरीज दुसरा तर्क टिकत नाही, असे लिहिले. एक फौजदारी निकाल आहे, दुसरा चौकशी अहवाल. पुराव्याचे नियम वेगळे, परिणामही वेगळा. दोन्ही शेजारी ठेवून सांगितल्याशिवाय यांतले एकही उद्धृत करू नये.

आता कागद मागण्याविषयी. ‘अमुक हत्येची सर्व कागदपत्रे द्यावीत’ असा माहिती अधिकाराचा अर्ज बहुधा ‘माहिती उपलब्ध नाही’ या उत्तरावर संपतो. आधी छापील अहवालातून फाइल क्रमांक, तारीख, खाते आणि पत्र कोणी कोणाला लिहिले हे उतरवून घ्यावे आणि मग तेवढेच मागावे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा इतिहास सांगत बसू नये. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(३) नावानिशी लिहावे. वीस वर्षांनंतर माहिती नाकारण्याचे बहुतेक अपवाद त्यामुळे गळून पडतात, सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढेच उरतात. कागद दुसऱ्या कार्यालयात असतील तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे कलम ६(३) प्रमाणे बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील.

‘फाइल सापडत नाही’ असे उत्तर आले तर तिथे थांबू नये. निंदणीकरणाची, म्हणजे जुन्या फाइली छाटून नष्ट केल्याची नोंदवही मागावी : फाइल कोणत्या वर्गात होती, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने नष्ट झाली. नोंद नसेल तर फाइल बेकायदा गेली किंवा अजून गठ्ठ्यात आहे. सार्वजनिक अभिलेख कायद्यात बेकायदा नष्ट केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे लेखी विचारल्यावर गठ्ठे पुन्हा सोडले जातात.

अमेरिकेने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या कागदांसाठी १९९२ साली स्वतंत्र कायदा केला. पाच जणांचे मंडळ नेमले, त्यात इतिहासाचे प्राध्यापक घेतले. प्रत्येक दस्तऐवजाला तीन भागांचा क्रमांक दिला. पहिल्या भागावरूनच कागद कोणत्या यंत्रणेचा ते कळते, १०४ म्हणजे सीआयए, १२४ म्हणजे एफबीआय. कागद रोखायचा तर प्रत्येकाचे कारण द्यायचे. २६ ऑक्टोबर २०१७ ही सर्व कागद खुले करण्याची शेवटची मुदत पुढे अनेकदा ढकलली गेली, हे खरे. तरी रोखलेला कागद कोणता, हे तिथे क्रमांकानिशी ठाऊक होते. मार्च २०२५ मध्ये मात्र घाईने पाने खुली केली आणि हयात माणसांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथले खासगी ओळख क्रमांक, जगासमोर आले. पानागणिक तपासणी टाळली की असे होते.

आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(क) प्रत्येक कार्यालयाला अभिलेखांची सूची ठेवायला सांगतेच. राज्य सरकारने १९४७-४८ सालच्या गृह खात्याच्या व पुणे-मुंबई पोलिसांच्या उरलेल्या फाइलींची सूची आधी प्रसिद्ध करावी : क्रमांक, विषय, पानसंख्या आणि सध्याची जागा. एखादी फाइल खुली करायची नसेल तर तिच्यापुढे कारण आणि पुनर्विचाराची तारीख लिहावी. पाने स्कॅन करण्याचे काम त्यानंतर हाती घेतले तरी चालेल.

आपला,
इतिहासाचा एक अध्यापक, पुणे