42 पानांबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि. लॉ फर्मच्या अर्जासोबत लेखनाचा नमुना म्हणून जोडायची तुझी 42 पानं काल रात्री वाचून संपवली. मैत्रीखातर संपवली. लॉ फर्ममध्ये अर्जांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेला वकील तुझा मित्र नसतो. तो पहिली दोन पानं वाचेल, मधलं एखादं चाळेल आणि पुढचा अर्ज उचलेल. फर्मने पानांची मर्यादा दिली असेल तर ती पाळ. नसेल तर दहाच्या आत राहा.

मूट कोर्टचं, म्हणजे सराव-खटल्याच्या स्पर्धेचं, मेमोरियल (लेखी युक्तिवाद) पाठवू नकोस. बक्षीस मिळालं होतं, माहीत आहे. पण ते तिघांनी मिळून लिहिलंय. मुलाखतीत कुणी नेमकं तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं, तर 'तो भाग माझा नाही' म्हणणार का? त्यापेक्षा शेवटी जोडलेला नोटिशीवरचा मेमो, म्हणजे वरिष्ठासाठी लिहिलेलं कायद्याचं टिपण, पाठव. तो एकट्या तुझा आहे; ती लांबलचक वाक्यं मी कुठेही ओळखीन.

प्रश्न झकास आहे. करारात 'लेखी नोटीस' म्हटलंय आणि एकाने नुसता ईमेल केला, तर नोटीस दिली असं धरायचं का? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण तुझं उत्तर सापडतं सातव्या पानावर. आधीचा नोटिशीचा सगळा इतिहास कापून टाक. 'सदर प्रकरणी हे नमूद करणे उचित ठरेल की' हे चार वेळा आलंय. चारही वेळा खोडून पाहिलं, अर्थाला ओरखडासुद्धा उठला नाही. प्रश्नाखाली लगेच थोडक्यात उत्तर लिही: बहुधा हो, कारण नोटीस अमुकच मार्गाने पाठवावी अशी सक्ती करारात नाही, आणि ईमेल मिळाल्याचं समोरच्याने कबूल केलंय. त्यातला 'बहुधा' जपून ठेव. मेमो म्हणजे युक्तिवाद नव्हे. वरिष्ठाला त्यातून धोका किती आहे ते कळायला हवं.

आणि विरुद्ध जाणारा तो निकाल तळटीपेत का लपवलास? त्या खटल्यातल्या करारात रजिस्टर पोस्टाची अट होती, आपल्या करारात नाही, हा फरक तू अर्ध्या ओळीत उरकलायस. अरे, सगळ्या मेमोचा जीव तिथे आहे! त्याला मजकुरात आण, अख्खा परिच्छेद दे. अडचणीचा निकाल समोर ठेवून त्यातून वाट काढता येते का, हेच तर नमुन्यात बघतात.

दाखले एकेक उघडून तपास. निकाल पुढे फिरवला गेलाय का, कलमात दुरुस्ती झालीय का, परिच्छेद क्रमांक बरोबर आहे का. (पाचव्या दाखल्याचा चुकलाय.) 2023 साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि 5,000 डॉलर दंड ओढवून घेतला. तुझ्यावर संशय नाही, पण आता वाचणारा दाखले उघडून बघतो, एवढं धरून चाल.

मेमो इंटर्नशिपमधला आहे, तेव्हा त्या ऑफिसची परवानगी आधी घे, शक्यतो लेखी. मग नावं बदल. इथे माझी फजिती ऐक. पहिल्या अर्जाच्या वेळी मी पीडीएफमध्ये अशिलाच्या नावावर काळ्या पट्ट्या ओढल्या आणि खूश झालो. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला, काळी पट्टी सिलेक्ट करून कोऱ्या पानावर पेस्ट केली. नाव आलं, अगदी पत्त्यासकट. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. नोकरीचं काय झालं ते सांगायला नको. म्हणून वर्डच्या मूळ फाइलीतच 'पक्षकार अ', 'पक्षकार ब' कर, कॉमेंट्स आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं नाव पुसून टाक, मगच पीडीएफ बनव.

वर अर्ध्या पानाची टीप जोड: मेमो कशासाठी लिहिला, कोणता भाग गाळला, नावं परवानगीने बदललीत, दुसऱ्या कुणी हात फिरवलाय का. कुणी फिरवला असेल तर सरळ सांग.

रविवारपर्यंत नवा मसुदा पाठव. मी पेन्सिलीने खुणा करीन, वाक्यं लिहून देणार नाही. आणि मेमोतला तो तिसरा पक्षकार नेमका कोण, ते आधी बघ. मला तिसऱ्या पानापर्यंत तो घरमालकच वाटत होता.

तुझाच,
मित्र